नव्या चावडीवर पहिले पाऊल

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत वसतिगृहातील दिवसांच्या आठवणी याव्यात, गुरुजनांचे ऋण मानले जावे, माजी विद्यार्थ्यांच्या वाटचालीचा गौरव व्हावा, हे स्वाभाविकच आहे. या अंकाच्या निमित्ताने आम्ही मात्र माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांचे लक्ष एका वेगळ्या प्रश्नाकडे वेधू इच्छितो. आपली मुले इंटरनेटवरील गप्पांच्या समूहांत पहिले पाऊल टाकतात, तेव्हा त्यांच्यासोबत कोण असते? हा प्रश्न शाळेच्या कुंपणाबाहेरचा आहे असे कोणास वाटेल. आमच्या मते तो निवासी शाळेच्या अगदी अंगणातला आहे.

त्याचे कारण असे. निवासी शाळांत विद्यार्थ्याने स्वतःजवळ मोबाइल बाळगू नये, असा नियम सहसा असतो आणि तो योग्यही आहे. अभ्यास, खेळ, झोप आणि मित्रांचा सहवास यांना त्यामुळे जागा मिळते. परंतु या नियमाचा एक परिणाम आपल्या ध्यानात येत नाही. शहरातील घरात वाढणाऱ्या मुलाच्या हाती फोन हळूहळू येतो. आधी आईचा, मग थोडा वेळ स्वतःचा. वसतिगृहातील मुलाच्या हाती तो दिवाळीच्या सुट्टीत, उन्हाळ्यात किंवा दहावीची परीक्षा संपताच एकदम येतो, आणि तोही पुष्कळदा दिवसभरासाठी. कारण आईवडील शेतावर, कामावर किंवा मजुरीला गेलेले असतात. विहिरीत पोहायला शिकवताना आपले वडीलधारे पाठीला भोपळा वा रिकामा डबा बांधत आणि स्वतः पाण्यात उभे राहत. इथे मात्र मुलाला आपण थेट खोल पाण्यात सोडतो, आणि काठावर कोणीही नसते.

गप्पांच्या या खोल्या नव्या नाहीत. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. त्यानंतर गावोगावच्या सायबर कॅफेंत याहूच्या चॅट रूमची गर्दी उसळली. आमच्या पिढीतील अनेकांना तिथला पहिला प्रश्न आठवत असेल: वय काय, मुलगा की मुलगी, गाव कोणते? अनोळखी माणूस नाव विचारण्याआधी हे तीन तपशील विचारी आणि आपण ते निःशंकपणे सांगत असू. याहूच्या त्या खोल्या 2012 मध्ये बंद झाल्या. अनोळखी माणसांची परस्परांशी गाठ घालून देणारे ओमेगल हे संकेतस्थळ 2009 मध्ये सुरू झाले आणि लहान मुलांच्या शोषणाच्या तक्रारींचे ओझे वाहत नोव्हेंबर 2023 मध्ये बंद पडले. एक खोली बंद झाली की दुसरी उघडते. म्हणून एखाद्या अ‍ॅपचे नाव सांगून ‘हे वाईट, ते चांगले’ असे मुलांना शिकवण्याचा फारसा उपयोग नाही. कोणत्याही खोलीत शिरताना कोणती सवय अंगी असावी, हे शिकवले पाहिजे.

आज आपल्या मुलांची पहिली खोली बहुधा अभ्यासाच्या नावानेच उघडते. पोलीस भरती, नीट, स्पर्धा परीक्षा, शिष्यवृत्तीचे अर्ज यांसाठी टेलिग्राम व व्हॉट्सअ‍ॅपवर असंख्य ग्रुप आहेत आणि त्यांतील पुष्कळ खरोखर उपयोगी आहेत. खेड्यातील मुलीला पुण्याच्या महागड्या शिकवणीतील टिपणे मिळतात, ती याच मार्गाने. याशिवाय मोबाइलवरील खेळांत खेळता खेळता चालणाऱ्या गप्पा असतात, इन्स्टाग्रामवरील मित्रांचे गट असतात, डिस्कॉर्डवरील मंडळे असतात. मात्र या खोल्यांचा आकार पालकांनी लक्षात घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये 1024 माणसे मावतात, टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये दोन लाख. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ग्रुपात शिरताच आपला मोबाइल क्रमांक तिथल्या प्रत्येक सदस्याला दिसू लागतो. सोळा वर्षांच्या मुलीचा क्रमांक हजार अनोळखी माणसांच्या हाती एका स्पर्शात जातो, आणि त्याची कल्पना ना तिला असते ना तिच्या आईला.

हे वाचून ‘मग फोनच देऊ नये’ असे म्हणणारे पालक आम्हाला भेटतात. त्यांची काळजी आम्ही समजू शकतो, पण त्यांचे उत्तर आम्हाला मान्य नाही. सार्वजनिक जागेतून दूर ठेवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. गावच्या चावडीवर आपल्या आजोबा-पणजोबांना बसता येत नव्हते आणि चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी 1927 साली महाडला जावे लागले. ज्ञानाची, नोकरीची आणि ओळखीची आजची चावडी मोठ्या प्रमाणात फोनवर भरते. तिच्यापासून आपण आपल्याच मुलांना भीतीपोटी दूर ठेवले, तर तोटा त्यांचाच होईल. त्यातही ही बंदी सर्वांना सारखी लागू होत नाही. मुलाने चूक केली तर त्याला दोन शब्द ऐकवले जातात. मुलीला कोणी त्रास दिला तर तिचा फोन काढून घेतला जातो, कधी कॉलेज बंद होते, कधी घाईने स्थळ पाहिले जाते. अपराध दुसऱ्याचा आणि शिक्षा तिला, असा हा न्याय आहे.

आणि नेमक्या याच न्यायावर फसवणाऱ्याची सारी भिस्त असते. आमच्या प्रतिपादनाचा मुख्य मुद्दा हाच आहे. मुलांना जाळ्यात ओढणाऱ्याची पद्धत ठरलेली असते. तो आधी सर्वांसमोर गोड बोलतो, अभ्यासात मदत करतो, खेळात भेट देतो, रिचार्ज करून देतो. मग ‘इथे गर्दी आहे, खासगीत बोलू’ म्हणतो. मग ‘हे आपल्या दोघांतच राहू दे’ असे सांगतो. मग एखादे छायाचित्र मागतो. आणि ते हाती आल्यावर त्याचे एकच शस्त्र उरते: ‘तुझ्या घरी सांगेन, तुझ्या शाळेत पाठवीन.’ ही धमकी चालते, कारण मुलाला घरच्यांच्या रागाची भीती त्या अनोळखी माणसापेक्षा अधिक वाटते. ज्या मुलाला ‘घरी सांगितले तरी मला मारणार नाहीत, माझा फोन आणि माझे शिक्षण काढून घेणार नाहीत’ अशी खात्री आहे, त्याच्यापुढे हे शस्त्र बोथट होते. म्हणून मुलांच्या सुरक्षिततेची पहिली तरतूद फोनच्या सेटिंगमध्ये शोधू नये. ती पालकांनी आधीच दिलेल्या वचनात असते.

हे वचन स्पष्ट शब्दांत आणि संकट येण्याआधी द्यायला हवे. फोन हाती देण्याच्या दिवशीच आईने किंवा वडिलांनी म्हणावे, ‘बाळा, तिथे काहीही झाले, तुझ्याकडून काहीही चुकले, तरी आधी आम्हाला सांग. आम्ही रागावणार नाही. आधी मार्ग काढू.’ हे मुलींना जितके सांगणे आवश्यक आहे तितकेच मुलग्यांनाही आहे. मुलगी असल्याचे भासवून मुलांकडून छायाचित्रे वा व्हिडिओ मिळवायचे आणि मग पैसे उकळायचे, हा प्रकार सर्रास घडतो. आणि मुलगे लाजेपोटी अधिक काळ गप्प राहतात.

यानंतर व्यवहाराच्या काही गोष्टी. त्या अवघड नाहीत. एका दुपारी आई, मुलगी आणि कॉलेजात जाणारा दादा मिळून त्या करू शकतात. पहिल्या काही दिवसांत नव्या समूहात मुलाने एकट्याने न जाता घरातील जाणत्या माणसासोबत जावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये आपल्याला कोण ग्रुपात जोडू शकेल, हे ठरवता येते. तिथे ‘सर्व’ऐवजी ‘माझे संपर्क’ असे करावे. आपले छायाचित्र व आपण शेवटचे कधी आलो होतो, हेही संपर्कातील लोकांपुरतेच ठेवावे. द्विस्तरीय पडताळणी सुरू करून सहा अंकी पिन लावावा, म्हणजे केवळ ओटीपी मिळवून कोणाला खाते बळकावता येणार नाही. टेलिग्रामवर आपला क्रमांक कोणालाही दिसू नये अशी सोय आहे, ती वापरावी. अनोळखी लोकांच्या खोलीत टोपणनाव घ्यावे. त्यात जन्मवर्ष, गाव किंवा शाळा नसावी. गणवेशातील छायाचित्र लावू नये, कारण गणवेशावरून शाळा कळते आणि शाळेवरून मुलाचा ठावठिकाणा. या बहुतेक सेवांनी वापरासाठी किमान 13 वर्षांची अट घातलेली आहे. खोटे वय सांगून लहान मुलांची खाती आपणच उघडून देऊ नयेत.

खोलीत शिरल्यावर लगेच बोलण्याची घाई करू नये. चार दिवस नुसते ऐकावे. इथे कोण बोलते, अ‍ॅडमिन कोण आहे, शिवीगाळ झाली तर तो थांबवतो का, मुलींशी लोक कसे बोलतात, हे पाहावे. नव्या गावात गेल्यावर आपण पारावर आधी थोडे बाजूला बसतो, तसेच हे आहे. वातावरण बरे नसेल तर निमूटपणे बाहेर पडावे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि कारणही द्यावे लागत नाही. काही खुणा मात्र मुलांना तोंडपाठ असाव्यात. खासगीत ये म्हणणारा, गुपित ठेवायला सांगणारा, छायाचित्र वा व्हिडिओ कॉल मागणारा, एकट्याने भेटायला बोलावणारा, आणि कारण नसताना भेटवस्तू देणारा, यांपैकी एकही खूण दिसली की बोलणे थांबवून मोठ्यांना सांगावे. समोरच्याचे छायाचित्र आणि आवाज आता यंत्राने बनवता येतात, म्हणून ‘मी त्याला पाहिले आहे’ ही खात्री पुरेशी नाही.

पैशांच्या जाळ्यांबद्दलही सांगितले पाहिजे, कारण आपल्या घरांत नुकसान सोसण्याची ताकद कमी असते. शिष्यवृत्ती मंजूर झाली म्हणून ओटीपी मागणारे, भरतीची प्रश्नपत्रिका विकतो म्हणणारे, घरबसल्या व्हिडिओला लाइक देऊन कमाई करा सांगून आधी शंभर-दोनशे रुपये खरोखर देणारे आणि नंतर हजारो भरायला लावणारे, हे सारे याच समूहांत वावरतात. लग्नपत्रिका किंवा सरकारी योजनेच्या नावाने येणारी, शेवटी ‘एपीके’ असे लिहिलेली फाइल उघडली की फोनचा ताबाच दुसऱ्याकडे जाऊ शकतो. कोणतेही शासकीय कार्यालय शिष्यवृत्तीसाठी ओटीपी विचारत नाही आणि कोणताही खरा मालक नोकरी देण्यासाठी आधी पैसे मागत नाही, एवढे वाक्य प्रत्येक घरी पाठ असावे.

इतके करूनही काही घडलेच, तर काय करावे? धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढतच जाते. संभाषण घाईने पुसून टाकू नये, कारण तोच पुरावा असतो. संदेश, क्रमांक, खात्याचे नाव व वेळ यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि मग त्याला रिपोर्ट व ब्लॉक करावे. व्हॉट्सअ‍ॅपवरील बोलणे कंपनीलाही वाचता येत नाही. आपण रिपोर्ट केले तरच शेवटचे पाच संदेश तिच्याकडे पोहोचतात. म्हणून तक्रार आतूनच व्हावी लागते. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न करता 1930 वर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक. इतर सायबर गुन्ह्यांची तक्रार केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. महिला व मुलांसंबंधीची तक्रार नाव न सांगताही नोंदवता येते. मुलांसाठी 1098 ही मदतवाहिनी आहे. अठरा वर्षांखालील मुलाचे खासगी छायाचित्र पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा आहे. तिच्यात छायाचित्र कोणाकडे पाठवावे लागत नाही. फोनवरच त्याची एक अंकीय खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून ते शोधून काढून टाकतात. असे छायाचित्र ‘पुरावा’ म्हणून नातेवाइकांत किंवा ग्रुपात मुळीच फिरवू नये. त्याने मुलाची विटंबना दुप्पट होते आणि फिरवणारा स्वतः गुन्हेगार ठरतो.

कायदा या बाबतीत मुलांच्या बाजूने उभा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 67 ब मुलांना ऑनलाइन लैंगिक संबंधांसाठी भुलवणे हा गुन्हा मानते. 2012 चा पोक्सो कायदा मुलगा व मुलगी असा भेद करत नाही, आणि लैंगिक हेतूने मुलाशी इलेक्ट्रॉनिक साधनांद्वारे वारंवार संपर्क साधणे हाही त्याखाली छळच ठरतो. याच कायद्याच्या कलम 19 नुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना खबर देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. खबर न देणे हादेखील गुन्हा आहे. ‘संस्थेची बदनामी होईल’, ‘घराण्याची अब्रू जाईल’ म्हणून प्रकरण मिटवण्याचा अधिकार ना मुख्याध्यापकांना आहे, ना अधीक्षकांना, ना नातेवाइकांना. जी संस्था मुलाची तक्रार ऐकून घेते आणि योग्य ठिकाणी पोहोचवते, तिची अब्रू वाढते, असे आम्ही मानतो.

मुलांचे कर्तव्यही या निमित्ताने सांगायला हवे. खोलीत आपणच कोणाला दुखवत नाही ना, हे पाहणे सुरक्षिततेचाच भाग आहे. भगवान बुद्धांनी राहुलाला आरशाचा दाखला देऊन जे सांगितले, ते आपल्या विद्यार्थ्यांनी परिपाठात अनेकदा ऐकले आहे: कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावरही तिच्याकडे निरखून पाहावे, तिने स्वतःला वा दुसऱ्याला पीडा होते का हे तपासावे. पाठवण्याचे बटण दाबण्याआधी हा आरसा एकदा पाहिला तरी जातीवरून, रंगावरून, बोलीवरून होणारी पुष्कळ चेष्टा थांबेल. शहरातील कॉलेजच्या ग्रुपमध्ये आपल्या मुलांनाच अशी चेष्टा सोसावी लागते. ती सोसलेल्याने ती दुसऱ्यावर उलटवू नये, आणि मुकाट्याने गिळूही नये; तिचाही स्क्रीनशॉट घेऊन तक्रार करावी.

आता आपल्या शाळेविषयी. आमची सूचना अशी आहे की आठवीपासून पुढच्या वर्गांना प्रत्येक मोठ्या सुट्टीपूर्वी दोन तासांचा एक पाठ द्यावा. त्यात भाषण कमी आणि प्रत्यक्ष कृती अधिक असावी: सेटिंग कशी बदलावी, फसवा संदेश कसा ओळखावा, नकार कोणत्या शब्दांत द्यावा. सुट्टीसाठी मुलांना न्यायला पालक येतात, त्या दिवशी त्यांच्यासाठी वेगळी बैठक घ्यावी आणि तिच्यात ‘रागावणार नाही’ हे वचन मुलांच्या समोर द्यावे. वसतिगृहात एक ताई आणि एक दादा असे नेमावेत की ज्यांच्याकडे मूल केव्हाही जाऊन बोलू शकेल. सुट्टीतही त्यांचा फोन लागला पाहिजे. त्यांनी काय ऐकायचे आणि कोणाला कळवायचे, याचे शिक्षण त्यांना आधी मिळावे.

हे काम एकट्या शिक्षकांचे नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांत पोलीस दलात, वकिलीत, रुग्णसेवेत आणि संगणक क्षेत्रात काम करणारे बंधू-भगिनी आहेत. वर्षातून दोन दिवस त्यांनी शाळेला दिले तरी हा उपक्रम उभा राहील. आपल्या माजी विद्यार्थी ग्रुपांनीही स्वतःपासून आरंभ करावा. तिथे आजच्या विद्यार्थ्यांची नावे, गाव आणि छायाचित्रे एकत्र टाकणे थांबवावे. बक्षीस समारंभाचे कौतुक नावागावाशिवायही करता येते. सदस्याच्या एखाद्या संदेशासाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये दिला आहे. पण अ‍ॅडमिनची नैतिक जबाबदारी त्याने संपत नाही. अनोळखी क्रमांक जोडण्याआधी चौकशी करणे आणि अभद्र बोलणाऱ्याला दूर करणे, एवढे तर त्याने करावेच.

पालकांना आमची शेवटची विनंती आहे. येत्या सुट्टीत मूल घरी येईल तेव्हा फोन त्याच्या हाती देण्याआधी अर्धा तास त्याच्याजवळ बसा. आपल्याला त्यातले सारे समजत नसेल तर ‘मला दाखव, तू कुठे कुठे बोलतोस’ असे विचारा. मुले आनंदाने दाखवतात. आणि उठण्याआधी ते वचन द्या. ज्यांना स्वतःला हे जमणार नाही असे वाटते, त्यांनी शाळेला कळवावे. आपल्या गावच्या जवळ राहणारा कोणी माजी विद्यार्थी आपल्या घरी येऊन बसेल, अशी व्यवस्था आपण सर्व मिळून करू.